छत्तिसावे दालन : एका चित्रपटाचा अभ्यास

धम्म आणि शिक्षण यांच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या स्मरणिकेत मारामारीच्या चित्रपटावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. रविवारच्या सुटीत वसतिगृहातील मुलामुलींना निवडक चित्रपट दाखवावेत आणि नंतर त्यांवर चर्चा घ्यावी, असा उपक्रम मी काही वर्षे चालवीत आलो आहे. त्या यादीत 'द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' या हाँगकाँगच्या चित्रपटाचा समावेश केला तेव्हा एका पालकांनी विचारले, "गुरुजी, सकाळी पंचशील म्हणवून घेता आणि संध्याकाळी हे दाखवता?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्याजोगे नव्हते, म्हणून प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

माझे मत प्रारंभीच नोंदवतो. हा चित्रपट वरवर पाहता युद्धकलेचा आहे. वस्तुतः तो विद्येचा आहे. विद्येची सुरुवात तळापासून करावी लागते, तिचा क्रम चुकवता येत नाही आणि ती मिळवणाऱ्याने तिचे दार इतरांसाठी उघडले नाही तर ती अपुरी राहते, अशा तीन गोष्टी तो सांगतो. पहिल्या दोन गोष्टी आपल्या समाजाने बऱ्याच अंशी आत्मसात केल्या आहेत. तिसरीपाशी आपण अडखळलो आहोत, आणि म्हणूनच माजी विद्यार्थ्यांच्या हाती पडणाऱ्या या अंकात त्याविषयी लिहावेसे वाटले.

चित्रपट आणि त्याचे कर्ते

हा चित्रपट 1978 साली हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या प्रसिद्ध संस्थेने निर्माण केला. दिग्दर्शक लाऊ कार-लियुंग हे स्वतः युद्धकलेचे उत्तम जाणकार होते. दक्षिण चीनमधील विख्यात गुरू वोंग फेई-हुंग, त्यांचे शिष्य लाम साई-विंग, त्यांचे शिष्य लाऊ चाम आणि लाऊ चाम यांचे पुत्र लाऊ कार-लियुंग अशी ही गुरुपरंपरा आहे. नायकाची भूमिका गॉर्डन लिऊ यांनी केली असून खलनायक सेनापतीच्या भूमिकेत लो लिएह आहेत.

त्या काळच्या अशा चित्रपटांत नायक लवकर तयार होत असे आणि उरलेला वेळ सूडात जात असे. लाऊ यांनी हे प्रमाण उलटे केले. सुमारे दोन तासांच्या या चित्रपटाचा मोठा मधला भाग केवळ शिकण्याला दिलेला आहे. मी हा चित्रपट प्रथम विद्यार्थिदशेत व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. तेव्हा शेवटच्या लढाईची वाट पाहत बसलो होतो. शिक्षकी पेशात आल्यावर पुन्हा पाहिला तेव्हा लक्ष मधल्या भागातच गुंतून राहिले. प्रेक्षकाचे वय आणि व्यवसाय बदलला की तोच चित्रपट वेगळा दिसतो, याचा हा एक अनुभव.

कथासूत्र

चीनमध्ये मांचू वंशाच्या छिंग घराण्याची सत्ता 1644 ते 1911 या काळात होती. त्या सत्तेच्या दडपशाहीखाली असलेल्या कँटन परिसरात ही कथा घडते. नायक हा एक तरुण विद्यार्थी. त्याचे शिक्षक गुप्तपणे बंडखोरांना साहाय्य करतात आणि विद्यार्थीही त्यात ओढले जातात. सत्तेला सुगावा लागतो, शाळा उद्ध्वस्त होते, नायकाचे आप्त आणि सोबती मारले जातात. जखमी अवस्थेत लपतछपत तो शाओलिन विहाराच्या आश्रयाला येतो.

हा आपल्या कुळातला नाही, बाहेरचा आहे, याला आत घ्यावे की नाही, यावर विहारात मतभेद होतात. प्रमुख भिक्खू त्याला ठेवून घेतात आणि त्याला 'सान ते' हे नाव मिळते. पहिले वर्ष तो केवळ झाडलोट करतो. त्यानंतर तो धीर करून युद्धकला शिकवण्याची विनंती करतो आणि त्याच्यासाठी पस्तीस दालनांची वाट खुली होते. ती पूर्ण करून तो विहारातील वरिष्ठ पदाला पात्र ठरतो. कोणत्या दालनाचे प्रमुखपद हवे, असे विचारल्यावर तो भलतेच उत्तर देतो. त्याला छत्तिसावे दालन हवे असते. जे अस्तित्वातच नाही आणि ज्यात विहाराबाहेरच्या सामान्य माणसांना शिक्षण मिळेल, असे ते दालन.

दालनांचा क्रम

शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रसंग अगदी आरंभीचा आहे. कोठून सुरुवात करतोस, असे विचारताच सान ते उत्साहाने सर्वांत वरचे दालन निवडतो. तेथे वृद्ध भिक्खू सूत्रपठण करीत बसलेले असतात. त्याला एक अक्षर कळत नाही आणि क्षणार्धात तो बाहेर फेकला जातो. मग तो मुकाट्याने सर्वांत खालच्या दालनाकडे वळतो.

खालच्या दालनात काय आहे? भोजनगृहाकडे जाण्याच्या वाटेवर पाण्याचा खड्डा आहे आणि त्यात लाकडांची मोळी तरंगते आहे. तिच्यावर हलके पाऊल टाकून पलीकडे उडी घ्यायची. जुने भिक्खू सहज पार होतात. सान ते पाण्यात पडतो, ओला होतो, जेवणाला मुकतो. इतर निजल्यावर तो रात्री एकट्याने सराव करतो. कोणी त्याला युक्ती सांगत नाही. पडता पडता ती त्यालाच उमगते. आमच्या मुलांना हा प्रसंग फार आवडतो. कारण उघड आहे. जेवणाच्या घंटेला उशीर होणे म्हणजे काय, हे निवासी शाळेतल्या मुलांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

पुढच्या दालनात हात दोन्ही बाजूंना ताठ पसरून पाण्याच्या बादल्या चढावर न्यायच्या असतात. दंडांना पाती बांधलेली असतात; हात खाली आले की ती बरगड्यांना टोचतात. आणखी एका दालनात लांब दांड्याच्या टोकाला बसवलेल्या जड हातोड्याने ठरावीक लयीत घंटा वाजवायची असते, त्यातून मनगट घडते. एका दालनात गालांच्या दोन्ही बाजूंना जळत्या उदबत्त्या लावलेल्या असतात आणि मान न हलवता केवळ डोळ्यांनी हलत्या दिव्याचा मागोवा घ्यायचा असतो. एका दालनात टांगलेल्या वाळूच्या पोत्यांना डोक्याने धडका देत पुढे जायचे असते. हातात शस्त्र येते ते या सर्वांनंतर.

यातील शिस्त कठोर आहे, परंतु ती अपमान करणारी नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. गुरू शिष्याला कमी लेखत नाहीत. ते अट घालतात आणि ती पूर्ण होईपर्यंत थांबतात. जातीव्यवस्थेतील गुरुशिष्य संबंधाशी याची तुलना करून पाहावी. एकलव्याला विद्या नाकारली गेली आणि त्याने ती स्वतःच्या बळावर मिळवली तेव्हा दक्षिणा म्हणून अंगठा मागण्यात आला. तेथे अट शिष्य तयार व्हावा म्हणून नव्हती, तो कायमचा थांबावा म्हणून होती. शाओलिनच्या दालनांतील पात्याची जखम आणि एकलव्याच्या हाताची जखम यांत हा मूलभूत फरक आहे. तो मुलांना एकदा समजला की शिस्त आणि जुलूम यांतील भेद वेगळा शिकवावा लागत नाही.

आपल्या जिल्ह्यातील पालकांना हा क्रम नवा नाही. पऱ्हे टाकल्यावाचून धानाची रोवणी होत नाही आणि पऱ्हे हातभर वाढण्याआधी उपटून चालत नाही, हे भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. तरीही मूल पाचवीत असतानाच ते अधिकारी होण्याची भाषा आपण करतो आणि त्याच्या वाचनाची, अक्षराची, बेरीज-वजाबाकीची चौकशी करायला विसरतो. हा सर्वांत वरचे दालन आधी निवडण्याचाच प्रकार होय.

इतिहासाच्या कसोटीवर

चित्रपट पाहून मुले पहिला प्रश्न विचारतात तो हा की, हे खरे आहे का? इतिहासाच्या शिक्षकाने येथे स्पष्ट बोलले पाहिजे. शाओलिन विहार खरा आहे. चीनमधील हनान प्रांतात सोंग पर्वतावर इ. स. 495 च्या सुमारास उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने तो भारतातून आलेल्या भिक्खूसाठी बांधला. चिनी साधनांत त्या भिक्खूंचे नाव बातुओ असे येते. इ. स. 621 मध्ये तेथील तेरा भिक्खूंनी ली शिमिन या राजपुत्राला त्याच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध साहाय्य केले. हाच राजपुत्र पुढे थांग घराण्याचा सम्राट झाला. त्या साहाय्याची नोंद असलेला 728 सालचा शिलालेख विहारात आहे.

पस्तीस दालने मात्र चित्रपटकर्त्यांच्या कल्पनेतील आहेत. चित्रपटाचे चित्रीकरणही मुख्यतः हाँगकाँगच्या स्टुडिओत झालेले आहे. भारतातून गेलेल्या बोधिधर्मांनी चिनी भिक्खूंना युद्धकला शिकवली, ही आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाणारी कथाही इतिहासाला धरून नाही. ज्या व्यायामग्रंथाच्या आधारे ती सांगितली जाते तो सतराव्या शतकातील, म्हणजे बोधिधर्मांच्या नंतर हजारएक वर्षांनी रचलेला आहे. तांग हाओ या चिनी अभ्यासकाने 1930 च्या दशकातच हे दाखवून दिले. सुखावणारी गोष्ट पुराव्याविना स्वीकारू नये, ही भगवान बुद्धांची शिकवण आपण इतरांच्या पुराणांना लावतो. ती आपल्या आवडत्या कथांनाही लावली पाहिजे.

अभिमान बाळगावा असा खरा दुवा वेगळाच आहे आणि तो युद्धाचा नसून विद्येचा आहे. चिनी भिक्खू ह्युएन त्संग 629 मध्ये भारताकडे निघाले, नालंदा विद्यापीठात शिकले आणि 645 मध्ये शेकडो ग्रंथ घेऊन मायदेशी परतले. त्यांचे जन्मगाव शाओलिनपासून फार दूर नव्हते. परतल्यावर त्यांनी सम्राटाकडे शाओलिन विहारात बसून ग्रंथांचे भाषांतर करण्याची अनुज्ञा मागितली होती. सम्राटाने ती दिली नाही आणि त्यांना राजधानीतच ठेवून घेतले. याच प्रवाशाने आपल्या प्रवासवृत्तात महाराष्ट्राचे वर्णन केले आहे. येथील लोक उपकार स्मरणारे, अपमान सहन न करणारे आणि शत्रूला आधी सूचना देऊन मगच लढणारे आहेत, असे तो नोंदवतो. त्याचबरोबर या प्रदेशात शंभराच्या आसपास विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचेही सांगतो. लढाऊ बाणा आणि विहार एकाच भूमीत नांदत होते, याची ही साक्ष सातव्या शतकातील आहे.

आपल्या जिल्ह्यातही असा पुरावा आहे. वैनगंगेच्या काठी पवनी येथील जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन झाले आणि प्राचीन स्तूपाचे अवशेष उजेडात आले. तेथील शिल्पित दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. विहार आणि स्तूप हे लोकांच्या दानातून उभे राहत. म्हणून विहारातील विद्येवर लोकांचा अधिकार होता आणि विहारावर लोकांचे ऋण होते. छत्तिसाव्या दालनाची मागणी समजून घेताना हे ऋण ध्यानात ठेवावे.

अहिंसेचा प्रश्न

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील आपण घेतो. मग भिक्खूच्या हाती शस्त्र कसे?

या विषयावर बाबासाहेबांचे विवेचन मार्गदर्शक आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. बुद्धांची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नव्हे. तत्त्व माणसाला विचार करायला लावते, नियम विचार थांबवतो, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी वैशालीच्या सेनापतीने बुद्धांना विचारलेल्या प्रश्नाचा दाखला दिला आहे. न्यायाच्या रक्षणासाठी, अन्य उपाय थकल्यावर, स्वार्थ बाजूला ठेवून केलेला प्रतिकार आणि द्वेषाने केलेला घात यांना एकाच मापाने मोजता येणार नाही, असे त्यातून निष्पन्न होते.

ही कसोटी सान तेला लावली तर काय दिसते? तो विहारात येतो तेव्हा त्याच्या मनात मारण्याची इच्छाच आहे. तो सूडासाठी शिकायला येतो. शिकण्याची वर्षे त्या इच्छेला हळूहळू वेगळे वळण देतात. प्रारंभी त्याच्यासमोर एक शत्रू असतो. शेवटी त्याच्यासमोर शिकू न शकलेली हजारो माणसे असतात. हा बदल चित्रपटात भाषणाने सांगितलेला नाही, तो मागणीतून दिसतो. विद्या पूर्ण झाल्यावर सूडासाठी रजा मागण्याऐवजी तो दालन मागतो.

तरीही माझे पूर्ण समाधान होत नाही, हे नमूद केले पाहिजे. उत्तरार्धात तो सेनापतीचा वध करतो आणि तेथे चित्रपट गरज आणि इच्छा यांची सरमिसळ करतो. प्रेक्षकाला टाळी वाजवावीशी वाटेल अशीच त्या लढतीची योजना आहे. चर्चेत एका विद्यार्थ्याने म्हटले, "सर, त्याने सेनापतीला मारलं नसतं आणि फक्त दालन उघडलं असतं तरी तो जिंकलाच असता ना?" यावर मुलांमध्ये तासभर वाद झाला. अशा प्रश्नासाठी चित्रपट दाखवावा, असे माझे मत आहे. पंचशील पाठ असणे ही सुरुवात आहे. ते अवघड प्रसंगी लावून पाहणे हे शिक्षण आहे.

समता सैनिक दलाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. 1920 च्या दशकात महाडच्या संघर्षाच्या काळात उभे राहिलेले हे दल शिस्तीचे, कवायतीचे आणि सभांच्या रक्षणाचे होते. ते कोणावर चालून जाण्यासाठी नव्हते. आपल्या माणसांनी निर्भयपणे एकत्र यावे यासाठी होते. स्वसंरक्षणाची क्षमता माणसाचे भय घालवते आणि भय गेले की द्वेषाचीही गरज उरत नाही. आपल्या वसतिगृहातील मुलामुलींनी कराटे किंवा कुस्ती शिकावी ती याच भूमिकेतून.

छत्तिसावे दालन

चित्रपटाचा गाभा अखेरच्या मागणीत आहे. सान ते जेव्हा बाहेरच्यांसाठी दालन मागतो तेव्हा विहाराची परंपरा आड येते. आजवर विद्या भिंतीआडच राहिलेली आहे. प्रमुख भिक्खू त्याची मागणी मान्य करीत नाहीत. उलट त्याला शिक्षा देऊन विहाराबाहेर पाठवतात. परंतु ही शिक्षा म्हणजेच परवानगी आहे, हे प्रेक्षकाच्या लक्षात येते. बाहेर पडल्यामुळेच त्याला माणसे भेटतात. चित्रपटाचे अखेरचे दृश्य सेनापतीच्या पराभवाचे नाही. ते त्या नव्या दालनात शिकणाऱ्या साध्या माणसांचे आहे.

भिक्खूचे प्रयोजन काय, हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथाच्या प्रास्ताविकातच उपस्थित केला आहे. भिक्खू केवळ स्वतःपुरता परिपूर्ण मनुष्य असेल तर त्याचा धम्मप्रसाराला उपयोग नाही. तो समाजसेवक असेल तरच त्याच्याकडून आशा बाळगता येईल, अशा आशयाची त्यांची भूमिका आहे. बहुजनांच्या हितासाठी चारिका करा, हा तथागतांचा आदेशही याच दिशेचा आहे. पस्तीस दालने माणसाला परिपूर्ण करतात. छत्तिसावे त्याला उपयुक्त करते.

महाराष्ट्राने असे दालन प्रत्यक्ष पाहिले आहे. लहुजी वस्ताद साळवे (1794 ते 1881) यांची पुण्यातील तालीम ही ती जागा. ज्या समाजाला अस्पृश्य ठरवले होते त्या मातंग समाजातील या वस्तादांच्या तालमीत अनेक जातींचे तरुण शिकायला येत. जोतीराव फुले दांडपट्टा आणि निशाणबाजी त्यांच्याकडेच शिकले. तारुण्यात जोतीरावांच्या मनात इंग्रजांचे राज्य उलथण्याची ऊर्मी होती. पुढे मात्र त्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही शाळा उघडल्या. या कार्यात लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शस्त्र शिकवणारा वस्ताद आणि शाळा काढणारा शिष्य, असा हा प्रवास कोणत्याही चित्रपटाहून मोठा आहे. त्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तालमीचे दार उघडले, त्यातून शाळेचे दार उघडले आणि त्या शाळेतून एका मुलीचा आवाज बाहेर आला.

या चित्रपटाचा प्रभाव दूरवर ज्या लोकांवर पडला तेही लक्षात घेण्याजोगे आहेत. न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय तरुणांच्या 'वु-टँग क्लॅन' या संगीतसमूहाने 1993 मधील आपल्या पहिल्या संगीतसंग्रहाच्या नावातच छत्तीस दालनांचा उल्लेख केला. गरीब वस्त्यांत वाढलेल्या त्या मुलांना हाँगकाँगच्या चित्रपटात स्वतःची कथा दिसली. 1972 मध्ये मुंबईतील आपल्या तरुणांनी अमेरिकेच्या ब्लॅक पँथर चळवळीकडे पाहून दलित पँथर हे नाव घेतले, त्याच जातीचे हे नाते आहे. दडपलेली माणसे एकमेकांना अनेकदा पुस्तकाआधी चित्रातून आणि गाण्यातून ओळखतात.

उणिवा

चित्रपट निर्दोष नाही. सर्वांत ठळक उणीव वसतिगृहातील नववीच्या एका मुलीने दाखवली. तिने विचारले, "सर, इतक्या दालनांत एकही मुलगी कशी नाही?" उत्तर देणे अवघड गेले नाही, पण मान्य करणे भाग पडले. महाप्रजापती गौतमीपासून भिक्खुणी संघाची परंपरा असलेल्या धम्माच्या कथेत स्त्री जवळजवळ अनुपस्थित असावी, हे खटकते. सान तेच्या छत्तिसाव्या दालनातही प्रामुख्याने पुरुषच दिसतात. म्हणजे दालन उघडूनही निम्मे दार बंदच राहिले.

दुसरी उणीव धम्माविषयीची. विहाराची पार्श्वभूमी असूनही धम्मविचार फारसा येत नाही. वरच्या दालनातील सूत्रे नायकाला कळत नाहीत. पुढे ती त्याला कळली का आणि कळल्यावर काय बदलले, हे चित्रपट दाखवत नाही. शरीराची दालने तपशिलाने दिसतात, प्रज्ञेचे दालन मिटलेलेच राहते. तिसरी उणीव उत्तरार्धातील घाईची. इतक्या सावकाशीने घडवलेला माणूस बाहेरच्या जगात फार लवकर यशस्वी होतो. लोकांना शिकवण्याचे काम स्वतः शिकण्यापेक्षा कठीण असते, हे कोणताही शिक्षक सांगेल. त्या कठीण कामाला चित्रपटात पुरेसा वेळ मिळालेला नाही.

आपल्यापुढील काम

बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी 1925 मध्ये सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. आपल्या शाळेसारख्या संस्था त्याच परंपरेतील आहेत. या शाळेत राहून शिकलेली मुले आज शिक्षक, परिचारिका, अभियंते, वकील, पोलीस, कारखान्यांतील कामगार आहेत. पहाटेची घंटा, विहिरीचे पाणी, कंदिलाखालचा अभ्यास, दहावीची धास्ती ही त्यांची दालने होती. ती त्यांनी कष्टाने पार केली आणि त्याचा आम्हा शिक्षकांना अभिमान आहे.

परंतु 18 मार्च 1956 रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी व्यक्त केलेली व्यथा आपण विसरू शकत नाही. शिकलेले लोक समाजाच्या कामी येतील ही अपेक्षा होती. त्यांतील अनेक जण स्वतःच्या पोटापुरते पाहू लागले, असे दुःख त्यांनी बोलून दाखवले. पस्तीस दालने पूर्ण करून वरिष्ठ पद घेणे आणि तेथेच थांबणे याला शाओलिनच्या भाषेत कोणी दोष देणार नाही. सान तेलाही ते पद मिळत होते. त्याने ते घेतले असते तर चित्रपटाला नाव मात्र राहिले नसते.

छत्तिसावे दालन उघडायला मोठी इमारत लागत नाही. गावी आल्यावर वस्तीतील दहा मुलांना रविवारी दोन तास गणित शिकवणे हे दालन आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, जातपडताळणीची कागदपत्रे कशी जुळवावीत, हे एखाद्या मुलीसोबत बसून दाखवणे हेही दालन आहे. विहारात धूळ खात पडलेल्या कपाटाचे ग्रंथालय करणे, गावातील मुलींना स्वसंरक्षण शिकवण्यासाठी जागा मिळवून देणे, हीही दालनेच. पैसे पाठवणे चांगले. परंतु सान तेने पैसे पाठवले नव्हते, तो स्वतः गेला होता. शाळेच्या वर्धापनदिनाला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सत्कार स्वीकारण्यापूर्वी, आपण कोणते दालन उघडले, याची दोन ओळींची नोंद वहीत करावी, अशी माझी सूचना आहे.

चर्चेसाठी प्रश्न

1. सान तेने प्रथम वरचे दालन निवडले, त्यात त्याचे काय चुकले? आपल्या अभ्यासातील असे एक उदाहरण द्या.
2. शिस्त आणि जुलूम यांत फरक कसा ओळखाल? एकलव्याच्या कथेच्या आधारे सांगा.
3. सेनापतीचा वध ही गरज होती की इच्छा? बाबासाहेबांनी केलेला भेद लावून दोन्ही बाजू मांडा.
4. लहुजी वस्तादांची तालीम आणि जोतीरावांची शाळा यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.
5. या चित्रपटात एक मुलगी सान तेसोबत शिकत असती तर कथा कोठे आणि कशी बदलली असती?
6. आपल्या गावात छत्तिसावे दालन उघडायचे ठरले तर ते कशाचे असेल, कोठे असेल आणि त्यात पहिल्या दिवशी कोण येईल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनीही लिहावे. त्याला गुण नाहीत, पण उत्तर मात्र कृतीनेच पूर्ण होईल.